रात्रीचा आवाज दूरवर का जातो? जागल, जंगल आणि डीजे

टिपेश्वरकाठ
नमस्कार मंडळी. आमचे वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, पांढरकवड्याकडे आहे. खरिपात कापूस व तूर आणि रब्बीत हरभरा घेतो. हरभरा घाट्यावर आला की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे जागल, म्हणजे रात्रीची राखण, करावीच लागते. मचाणावर बसल्यावर डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. सगळी भिस्त कानांवर असते. डुकरांचा कळप तुरीतून येताना आधी वाळलेल्या शेंगा खुळखुळतात, मग माती उकरल्याचा आणि नाकाने फुरफुरल्याचा आवाज येतो. रोही मात्र कुंपणाची तार झणकारेपर्यंत कळत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. हिवाळ्यात रात्री तीन किलोमीटरवरच्या गावातले भजन मला शब्दांसकट ऐकू येते. पण त्याच मचाणावरून दुपारी चार बांध पलीकडे काम करणाऱ्या भावाला हाक मारली तर ती पोहोचत नाही. रात्री सगळीकडे शांत असते, एवढेच याचे कारण आहे का?

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. अलीकडे लग्न, वाढदिवस, मिरवणूक अशा प्रत्येक निमित्ताने मध्यरात्र उलटेपर्यंत डीजे वाजतो आणि तेवढा वेळ वावरातले काहीही ऐकू येत नाही. अशाच एका रात्री कळप हरभऱ्यात शिरला आणि उजाडल्यावर नुकसान दिसले. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे. तिथे "तुम्हाला आनंद बघवत नाही" असे उत्तर मिळू नये, म्हणून आपले अनुभव आणि माहिती हवी आहे.

प्रयोगवही
मी वर्धा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत होतो. आपला पहिला प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शांतता हे अर्धेच कारण आहे. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी तो सुमारे ३५८ मीटर आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना सुमारे ३३७ मीटर असतो. महत्त्वाचा असतो तो जमिनीलगतची हवा आणि वरची हवा यांच्या तापमानातील फरक. दुपारी काळी जमीन तापते, तिच्या लगतची हवा सर्वांत गरम असते आणि वर जावे तशी ती थंड होत जाते. खालून आवाज वेगाने जातो, वरून हळू जातो, त्यामुळे ध्वनीलहरी वरच्या बाजूस वळतात. आपली हाक भावाच्या डोक्यावरून निघून जाते.

निरभ्र हिवाळी रात्री याच्या उलट घडते. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते, तिच्या लगतची हवा गारठते आणि काही उंचीवरची हवा त्यामानाने उबदार राहते. मग वर गेलेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो. भजन आपल्या मचाणाशी उतरते ते असे. ढगाळ रात्री किंवा जोराचा वारा असताना हवेचे हे थर नीट बनत नाहीत. आपण पुढच्या हिवाळ्यात लक्ष ठेवून पाहावे; ढगाळ रात्री तेच भजन पुसट ऐकू येईल.

मोहफूल
प्रयोगवही सर, आपले उत्तर वाचून आमच्याकडच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. मी ब्रह्मपुरीकडची आहे. आमच्याकडे वाघ आणि माणूस एकाच वाटेने चालतात असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, म्हणून कान उघडे ठेवणे हे लहानपणापासून शिकवले जाते.

मार्च-एप्रिलमध्ये आम्ही पहाटे मोहफुले वेचायला जातो. मोहाची फुले पहाटेच गळतात. उजेड नीट होण्याआधी झाडाखाली उभे राहिले तर वाळक्या पाल्यावर त्यांचा टपटप आवाज सारखा चाललेला असतो, आणि ती रसाने भरलेली असल्याने प्रत्येक फूल पडताना थोडे दबल्यासारखे वाजते. त्या आवाजात दुसरा कोणता आवाज मिसळला आहे का, याकडे जुन्या बायांचे सतत लक्ष असते. वाघाच्या पावलाला गादी असली तरी सागाचे वाळलेले पान त्याच्याखालीही चुरचुरते. वेचताना माणूस वाकलेला असतो आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही गटाने जातो आणि आपसात मोठ्याने बोलत राहतो. इथे माणसाचा आवाज हाच त्याचा बचाव आहे.

जनावरांच्या धोक्याच्या हाकांचेही तसेच आहे. चितळ थोड्याशा संशयानेही ओरडते. बिबट, रानकुत्री, कधी नुसता माणूस पाहूनही. माकड उंचावरून प्रत्यक्ष पाहूनच खेकसते, त्यामुळे त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतात. सांबराने मात्र एकाच जागी उभे राहून "पोंक, पोंक" असा आवाज लावून धरला, तर आमची माणसे त्या दिशेचे वेचणे सोडून माघारी फिरतात. आता विचार करा, गावात पहाटेपर्यंत डीजे चालू असेल तर यातले काय ऐकू येणार आहे?

काळीमाती
वणीच्या पट्ट्यातून लिहीत आहे. डीजे वर्षातून काही रात्री वाजतो; आमच्याकडे कोळशाच्या खाणीतील सुरुंग वर्षभर उडतात. आधी भोंगा होतो, मग जमीन हलते आणि त्यानंतर आवाज येतो. आमच्या घराच्या भिंतीला गेलेले तडे भरून पुन्हा उघडले आहेत. रात्रभर ट्रकांची रांग असते ती वेगळीच. गोंगाटाविषयी बोलायचे तर केवळ पोरांच्या डीजेवर बोलून कसे चालेल?

खंजिरी
काळीमाती भाऊंचे म्हणणे रास्त आहे. मला वेगळ्या बाजूने थोडी हरकत नोंदवायची आहे.

मी अमरावती जिल्ह्यातील, गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणून गावे जागी केली. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे हजारो कंठांतून उठणारा "गोपाला गोपाला" हा गजर. ही आमची परंपरा आवाजाचीच आहे. गावातला प्रत्येक मोठा आवाज उपद्रव ठरवला, तर उद्या भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगावरही बोट ठेवले जाईल. आधीच तरुण मंडळी भजनाला येत नाहीत.

त्याच मोझरीत महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. प्रचंड जनसमुदाय एकाच क्षणी निःशब्द होतो. ज्यांनी ते अनुभवले आहे त्यांना ठाऊक आहे की आमच्या माणसांना गजरही कळतो आणि मौनही कळते. म्हणून ग्रामसभेत हा विषय बंदीच्या भाषेत न मांडता मर्यादेच्या भाषेत मांडावा, असे मला वाटते.

टिपेश्वरकाठ
खंजिरी दादा, भजनाबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. उलट त्याच्या सोबतीने माझी रात्र सरते. भजन चालू असतानाही मला तुरीच्या शेंगा ऐकू येतात. डीजे चालू असताना येत नाहीत. मला जाणवलेला फरक एवढाच आहे.

प्रयोगवही
आपण अगदी नेमके निरीक्षण मांडले आहे. एक आवाज दुसऱ्याला झाकून टाकतो आणि त्यात खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीच्या नाजूक आवाजांना सहज झाकतो. याच्या उलट क्वचितच घडते. डीजेचा ठोका हा अशा खालच्या पट्टीचा असतो. हवेतून जाताना वरच्या पट्टीचे आवाज लवकर विरतात आणि खालच्या पट्टीचे टिकतात, म्हणून दूरच्या मिरवणुकीचे गाणे कळत नाही, पण धडधड कळते. भिंतीतूनही तीच आत येते.

आता थोडा हिशेब करू. उघड्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते आणि दहापट झाले की २० डेसिबलने. समजा, डीजेपासून १० मीटरवर १०० डेसिबल आहे. १०० मीटरवर ८०, एक किलोमीटरवर ६० आणि तीन किलोमीटरवर सुमारे ५० डेसिबल उरतील. झाडे, घरे आणि हवेतील शोषण यांमुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरेल. मात्र वर सांगितलेल्या हिवाळी रात्री ही घट बरीचशी भरून निघू शकते. निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे इथे लक्षात घ्यावे.

डेसिबलचे माप सरळ बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. कानाला मात्र ती साधारण दुप्पट वाटते. म्हणूनच वाजवणाऱ्याला "थोडाच वाढवला" असे प्रामाणिकपणे वाटत असते.

सारसमित्र
गोंदियाहून. थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्याकडचा सर्वांत दूर जाणारा नैसर्गिक आवाज सारस क्रौंचाचा आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आमच्या भागातच उरला आहे. त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घेऊन बसलेली असते, त्यामुळे त्याच्या हाकेला तुतारीसारखी धार येते. जोडी एकत्र ओरडते तेव्हा नर मान मागे टाकून एक लांब हाक देतो आणि तिच्यावर मादी दोन-तीन आखूड हाका देते. हे इतके जुळून येते की डोळे मिटून ऐकणाऱ्याला एकच पक्षी ओरडत आहे असे वाटावे. धानाच्या बांधीत उभे राहून ते पाहताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

जोडीने आपली हद्द सांगण्याचे आणि एकमेकांशी बांधून राहण्याचे हे साधन आहे. मोहफूल ताईंनी विचारलेला प्रश्न पक्ष्यांनाही लागू होतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास झाला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. वाहनांचा गोंगाट जिथे अधिक, तिथले नर वरच्या पट्टीत गात होते, कारण खालची पट्टी रहदारीने व्यापलेली होती. लहान पक्ष्याला पट्टी बदलता आली. ज्याला ती बदलता येणार नाही, त्याने काय करावे?

गोधन
भंडारा जिल्हा. बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळांचा आवाज आमच्या रस्त्यांवरून जवळजवळ गेला आहे. पूर्वी पहाटे खाचराला (बैलगाडीला) बैल जुंपले की कोणाची जोडी निघाली हे अंथरुणातून कळत असे, कारण प्रत्येक माळेचा नाद वेगळा होता. आता पोळ्यालाच त्या माळा निघतात. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची पारंपरिक पद्ये) म्हटल्या जातात, आणि अलीकडे त्या झडत्यांवरही स्पीकरचे गाणे चढवतात. झडती म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. मला याचे फार वाईट वाटते.

दिवाळीतील गायगोधनाला आमचे गोवारी बांधव डफ आणि बासऱ्या घेऊन निघतात. थंडीच्या दवाने डफाचे चामडे सैल पडते, म्हणून ते जाळाशी धरून शेकतात आणि बोटाने टिचकी मारून स्वर तपासतात. चामडे पुरेसे ताणले गेले की टिचकीचा बोदा आवाज एकदम टणक होतो. तो क्षण ओळखायला कान तयार लागतो. असा कान असलेली माणसे आता मोजकीच आहेत.

खंजिरी
गोधन भाऊ, खंजिरीचेही अगदी तसेच. पावसाळ्यात तिला शेकल्याशिवाय भजनाला सुरुवातच होत नाही. झडत्यांबद्दल आपण लिहिले ते पटले. स्पीकर परंपरेलाही गिळतो, हा मुद्दा मी ग्रामसभेत सर्वांत आधी मांडीन.

मेळघाटची परिचारिका
धारणी तालुक्यात काम करते. कानांच्या आरोग्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही सुरक्षित मर्यादा अनेक ठिकाणी मानली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शीळ वाजत राहणे किंवा दडे बसणे ही पहिली सूचना असते. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून इजा झालीच नाही, असे समजू नये.

नुकसान बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होते. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण स, श, च, फ असे वर्ण नीट उमटत नाहीत आणि तो "मोठ्याने नको, स्पष्ट बोला" असे म्हणू लागतो. हे केवळ डीजेने होत नाही. मळणीयंत्राजवळ दिवसभर उभे राहणारे मजूर आणि केबिन नसलेले जुने ट्रॅक्टर चालवणारे यांच्यातही हे दिसते. फोमचे कर्णरोधक औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. कानात नुसता कापूस कोंबल्याने फारसा बचाव होत नाही आणि गरम तेल तर मुळीच घालू नये. मिरवणुकीत लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर नाचवतात, ते पाहून मला राहवत नाही. मी जाऊन मूल खाली उतरवायला सांगते.

काळीमाती
ताई, हे आमच्या खाणीकडच्या ट्रकचालकांनाही सांगायला हवे. आपली पोस्ट पुढे पाठवत आहे.

नागपूरकर_गावाकडचा
नियमांची माहिती देतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य शासन रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, परंतु वर्षातून अधिकाधिक १५ दिवस. आणि ध्वनिक्षेपकासाठी दिवसाही लेखी परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये याविषयी सविस्तर निकाल दिला आहे. रात्री तक्रार करायची तर ११२ क्रमांकावर करता येते.

गोधन
नियम चांगले आहेत, पण लहान गावात तक्रार करणारा एकटा पडतो. लग्न ज्याच्या घरी आहे, त्याच्याच विहिरीवरून आपण पाणी घेतो. म्हणून ग्रामसभेचा ठराव आधी, पोलीस नंतर.

मोहफूल
आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो आणि प्रयोग रात्रभर चालतात. त्यावर पुष्कळ कलावंतांचे पोट आहे. ते बंद व्हावे असे मी कधीही म्हणणार नाही. आमच्या गावाने एवढेच केले की कर्णे मंडपाच्या आत, प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचे, गावाबाहेर तोंड करून नाही. प्रेक्षकांना संवाद पूर्वीपेक्षा चांगले ऐकू येतात.

प्रयोगवही
मोहफूल ताई, संवादांसाठी ही युक्ती उत्तम आहे, कारण वरच्या पट्टीचा आवाज कर्ण्याच्या तोंडाच्या दिशेनेच मुख्यत्वे जातो. डीजेच्या मोठ्या खोक्यांना मात्र ती लागू पडणार नाही. खालच्या पट्टीचा आवाज खोक्याच्या चारही बाजूंना पसरतो. तोंड फिरवून त्याची धडधड थांबत नाही. तिथे पातळीच कमी करावी लागते किंवा ती खोकी काढावी लागतात. ठरावात हे स्पष्ट लिहावे, नाहीतर "आम्ही तोंड फिरवले" असे सांगून विषय संपवला जाईल.

सारसमित्र
ध्वनीच्या निमित्ताने एक सूचना. पावशा "पेरते व्हा" म्हणू लागला की पेरणीची घाई करणारे अजूनही आहेत. हा पक्षी एप्रिल-मेपासूनच ओरडू लागतो, कारण तो त्याच्या विणीचा काळ असतो आणि त्याला सातभाईंच्या घरट्यात अंडी घालायची असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल बसल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला पाळावा. दुबार पेरणीचा खर्च परवडणारा नाही.

टिपेश्वरकाठ
सर्वांचे मनापासून आभार. ठरावाचा मसुदा असा केला आहे: रात्री १० नंतर खालच्या पट्टीची खोकी बंद, शाळा व आरोग्य उपकेंद्रासमोर मिरवणूक न थांबवता पुढे न्यायची, पोळ्याला झडत्या संपेपर्यंत स्पीकर लावायचा नाही, कार्यक्रम असलेल्या घराने जागलीवर जाणाऱ्यांना आदल्या दिवशी कळवायचे, म्हणजे त्या रात्री आम्ही दोघे-तिघे मिळून फेऱ्या मारू. भजन, कीर्तन आणि नाटक यांचा उल्लेख "मर्यादेत चालू राहील" असा केला आहे.

प्रयोगवही सर, आणखी एक विचारतो. अवकाळी पावसात मचाणावर असताना गडगडाट ऐकू आला तर किती वेळ थांबणे सुरक्षित आहे?

प्रयोगवही
थांबूच नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा. तेवढे किलोमीटर ती दूर आहे. अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी आले की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा मचाण सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. तारेच्या कुंपणापासूनही दूर राहावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे "दामिनी" ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा. ते आसपासच्या विजांची सूचना देते. डीजेच्या धडधडीत गडगडाटही ऐकू येत नाही, हा मुद्दा आपल्या मसुद्यात घालावा असे सुचवतो.

टिपेश्वरकाठ
घातला. पाचवे कलम म्हणून.